खेळाडूची पुण्याई किती, प्रशिक्षकाची कमाई किती? ऑनलाइन लोकप्रियता मोजण्याबद्दल

मधली_फळी

फुटबॉलवरच्या एका लेखासाठी झिनेदिन झिदान, शाबी अलोन्सो आणि लिओनेल स्कालोनी यांच्या ऑनलाइन लोकप्रियतेची तुलना करायची आहे. तिघेही आधी खेळाडू, मग प्रशिक्षक. सध्या हाताशी तीन गोष्टी आहेत: इन्स्टाग्रामचे फॉलोअर, तिघांची आडनावं टाकून काढलेला गुगल ट्रेंड्सचा २००४ पासूनचा आलेख, आणि इंग्रजी विकिपीडियावरच्या त्यांच्या लेखांची महिन्याची सरासरी वाचनं. तिन्हीकडे क्रम वेगवेगळा येतोय. ट्रेंड्समध्ये तर स्कालोनीची रेष तळाला चिकटली आहे. अर्जेंटिनाला २०२२ चा विश्वचषक जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाबद्दल हे पटत नाही.

दोन प्रश्न आहेत. यातलं कुठलं माप धरावं? आणि या लोकप्रियतेतला जुन्या खेळाचा वाटा किती, प्रशिक्षकपदाचा किती, हे वेगळं काढता येतं का?

ऑफसाइड

आधी ती तळाला गेलेली रेष बघू. ट्रेंड्स शोधांची संख्या सांगत नाही. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात झालेल्या एकूण शोधांपैकी त्या नावाचा वाटा किती, हे ते काढतं. मग त्यातल्या सर्वांत उंच टोकाला १०० धरून बाकी सगळं त्या प्रमाणात पूर्णांकात बसवतं. तुम्ही २००४ पासून आलेख काढलात, त्यामुळे १०० वर जाऊन बसला जुलै २००६: विश्वचषकाची बर्लिनमधली अंतिम लढत, झिदानने इटलीच्या मातेराझीला डोक्याने मारलेली ढुशी, लाल कार्ड. त्या एका महिन्यापुढे पुढच्या वीस वर्षांतलं सगळंच खुजं दिसतं. स्कालोनीचा २०२२ चा डिसेंबर सोडला तर त्याचे महिने १, ० किंवा '१ पेक्षा कमी' असेच येणार. काळ २०१८ पासून पुढे घ्या, रेष लगेच वर उठेल.

आडनावं टाकलीत ही दुसरी गडबड. 'अलोन्सो' या शब्दात फर्नांडो अलोन्सो येतो. तो २००५ आणि २००६ चा फॉर्म्युला वन विजेता, म्हणजे तुमच्या आलेखाच्या सुरुवातीचा बराचसा अलोन्सो हा मोटारींचाच आहे. 'झिदान'मध्ये त्याचा गोलरक्षक मुलगा लुका येतो. याचं सगळ्यात ठळक उदाहरण 'कोंते'. जून २०१८ ते फेब्रुवारी २०२१ या काळात इटलीचे पंतप्रधान होते जुझेप्पे कोंते. त्यामुळे मार्च २०२० चा इटलीतला 'कोंते'चा आलेख बघून कोणी फुटबॉल प्रशिक्षक आंतोनियो कोंतेच्या इंटर मिलान क्लबमधल्या कामगिरीबद्दल लिहिलं, तर तो सगळा मजकूर टाकाऊ.

उपाय सोपा आहे. नाव टाइप केल्यावर खाली यादी उघडते. त्यात काही नोंदींखाली 'सर्च टर्म' असं लिहिलेलं असतं, तर काहींखाली 'फुटबॉल प्रशिक्षक' किंवा 'फुटबॉलपटू' असं वर्णन असतं. वर्णनवाली नोंद म्हणजे टॉपिक. ती निवडली की वेगवेगळ्या लिप्यांमधले आणि चुकीच्या स्पेलिंगचेही शोध एकत्र मोजले जातात. मात्र एकाच तुलनेत एकाचा टॉपिक आणि दुसऱ्याची सर्च टर्म असं मिसळू नका, टॉपिकवाला विनाकारण मोठा दिसतो.

अजून काही खाचाखोचा. काळ नऊ महिन्यांच्या आत असेल तर दिवसाचे आकडे मिळतात, पाच वर्षांपर्यंत आठवड्याचे, त्यापुढे महिन्याचे. ट्रेंड्स नमुना घेऊन मोजतं, म्हणून तीच मागणी वेगळ्या दिवशी केली की आकडे थोडे हलतात. चार-पाच वेगवेगळ्या दिवशी फाइल उतरवून त्यांची सरासरी घ्या. लहान आकड्यांच्या नावांना हा फरक जास्त जाणवतो. एका वेळी मोजकीच नावं बसतात. जास्त प्रशिक्षक घ्यायचे असतील तर प्रत्येक गटात एक मध्यम आकाराचं नाव सामाईक ठेवा आणि त्याच्या आधाराने साखळी जोडा. सामाईक म्हणून मेस्सी घेतलात तर स्कालोनी परत तळाला जाईल.

आणि झिदानबद्दल एक खास सूचना. आलेखावर १ जानेवारी २०११, १ जानेवारी २०१६ आणि १ जानेवारी २०२२ या तारखांना गुगलची टीप येते. २०११ ची टीप प्रदेश ठरवण्याच्या पद्धतीबद्दल आहे, नंतरच्या दोन्ही डेटा गोळा करण्याच्या पद्धतीबद्दल. झिदान रेआल माद्रिदचा प्रशिक्षक झाला ४ जानेवारी २०१६ ला. म्हणजे मोजपट्टी बदलली आणि तीनच दिवसांनी त्याची नेमणूक झाली. 'नेमणुकीपूर्वी आणि नंतर' ही तुलना त्याच्यासाठी ट्रेंड्सवर करूच नका.

तिसरा_पंच

ऑफसाइड यांनी ट्रेंड्सचं नीट सांगितलंय, म्हणून फक्त विकिपीडियाबद्दल लिहिते. तिघांमधलं हेच माप मी सगळ्यात वर ठेवेन, कारण इथे प्रत्यक्ष मोजलेला आकडा मिळतो आणि तो कोणालाही पुन्हा तपासता येतो.

पण महिन्याची सरासरी सोडून द्या. समजा, २८ दिवसांपैकी २७ दिवस रोज २,००० वाचनं झाली आणि एका दिवशी अंतिम सामन्यामुळे ६०,०००. सरासरी येते ४,०७१. हा आकडा त्या महिन्यात कुठल्याच दिवशी घडलेला नाही. मध्यक, म्हणजे सगळे दिवस चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, येतो २,०००, आणि नेहमीचा वाचकवर्ग तेवढाच आहे. म्हणून दोन आकडे वेगवेगळे ठेवा: मध्यकाने मिळालेली शांत पातळी आणि त्या पातळीच्या वर गेलेली उसळी. ज्याची शांत पातळी जास्त त्याचं नाव लोकांच्या मनात आहे, ज्याच्या उसळ्या मोठ्या तो बातमीत आहे. तुमचे तीन क्रम जुळत नाहीत त्याचं एक मोठं कारण हे दोन एकात मिसळणं हेच आहे.

मोजायचा काळ नेहमी पूर्ण आठवड्यांचा घ्या, २८ किंवा ५६ दिवसांचा. सामने शनिवार-रविवारी आणि आठवड्याच्या मध्ये होतात. ३० दिवस घेतले तर कधी चार रविवार येतात, कधी पाच, आणि नुसत्या त्यानेच आकडा हलतो.

आता खेळाडू आणि प्रशिक्षक वेगळे काढण्याबद्दल. सध्याच्या पद्धतीने मोजलेली दैनंदिन वाचनं जुलै २०१५ पासूनची आहेत आणि तुमचे तिघे त्या तारखेच्या तीन वेगळ्या बाजूंना पडतात.

अलोन्सो सगळ्यात सोयीचा. तो २०१७ च्या उन्हाळ्यात बायर्नमधून निवृत्त झाला, म्हणजे खेळाडू म्हणून जवळजवळ दोन वर्षं डेटात सापडतात. मग २०१९ ते २०२२ रेआल सोसिएदादचा दुसरा संघ, आणि ५ ऑक्टोबर २०२२ ला लेव्हरकुसेन. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे तेच आठ आठवडे २०१६, २०१९ आणि २०२३ मध्ये घ्या आणि मध्यक काढा. तिन्ही वर्षी त्या आठवड्यांत लीग चालू होती आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टीही होती, त्यामुळे तुलना बरोबरीची होते. २०२२ चे तेच आठवडे नकोत, एक तर नेमणुकीची उसळी आणि दुसरं म्हणजे २० नोव्हेंबरला विश्वचषक सुरू झाला. २०२० चा वसंतही नको, मार्चमध्ये सामनेच थांबले होते.

स्कालोनी २०१५ मध्ये खेळायचा थांबला. ऑगस्ट २०१८ मध्ये अर्जेंटिनाची हंगामी जबाबदारी त्याच्याकडे आली. त्याआधीची तीन वर्षं ही त्याची खेळाडू म्हणून उरलेली ओळख आणि आधीचा प्रशिक्षक साम्पाओली याचा सहायक म्हणून थोडीशी भर. नंतरची जवळजवळ सगळी वाढ प्रशिक्षकाची. तिघांमध्ये सगळ्यात स्वच्छ उत्तर याचंच मिळेल.

झिदान सगळ्यात अवघड. २००६ मध्ये तो निवृत्त झाला, खेळाडू झिदान या डेटात नाहीच. तरी एक वाट आहे. मे २०२१ मध्ये त्याने दुसऱ्यांदा रेआल सोडलं आणि नंतरची वर्षं तो कुठल्या संघाकडे नव्हता. २०२२ ते २०२४ मधली शांत पातळी आणि त्याच्या रेआलमधल्या २०१६ ते २०१८ च्या काळातली शांत पातळी यांतला फरक म्हणजे नोकरीमुळे आलेला वाटा. उरलेली पातळी नावाची. अर्थात त्या नावात तीन चॅम्पियन्स लीगही आल्या, म्हणून तिला निव्वळ 'खेळाडूची' म्हणू नका.

इतक्या लांबच्या वर्षांची तुलना करताना कच्चा आकडा वापरू नका. विकिपीडियाची एकूण वाचनंच बदलत गेली आहेत. साइटव्ह्यूज या साधनातून त्या भाषेच्या विकिपीडियाची त्याच दिवसांची एकूण वाचनं घ्या आणि दर दहा लाखांमागे या लेखाची किती, असा दर काढा.

मिळालेला आकडा कुठे फसवतो तेही सांगते. वाचनांचे आकडे देणाऱ्या साधनात 'एजंट' या रकान्यात 'यूजर' निवडलेलं हवं. स्वतःची ओळख न देणाऱ्या बॉटना (आपोआप पानं उघडणाऱ्या प्रोग्रामना) 'ऑटोमेटेड' म्हणून वेगळं काढायला २०२० मध्ये सुरुवात झाली, त्याआधीच्या 'यूजर' आकड्यांत त्यांची भेसळ आहे. २०२५ च्या मे-जूनमध्येही माणसाच्या वेषातली मोठी बॉटवर्दळ आली होती, मुख्यतः ब्राझीलमधून. विकिमीडियाने ओळखण्याचे निकष बदलून ते आकडे दुरुस्त केले. त्या महिन्यांची फाइल तेव्हाच उतरवून ठेवली असेल तर पुन्हा उतरवा. एखाद्या दिवशी उसळी दिसली, पण सामना नाही, बातमी नाही, तर डेस्कटॉप आणि मोबाइल वेगळे करून बघा. खऱ्या फुटबॉल-उसळीत मोबाइल जोरात वर जातो, कारण लोक सामना बघताबघता शोधतात. वाढ जवळजवळ सगळी डेस्कटॉपवरच असेल तर तो दिवस वगळा.

वाचनं लेखाच्या शीर्षकावर मोजली जातात. लेखाचं नाव बदललं की जुनी वाचनं जुन्या शीर्षकापाशीच राहतात आणि आलेखात एके दिवशी खड्डा पडल्यासारखा दिसतो. रीडायरेक्ट व्ह्यूज हे साधन वापरून सगळी पुनर्निर्देशनं, म्हणजे या लेखाकडे वळवणारी जुनी-पर्यायी शीर्षकं, जोडून घ्या. छोट्या भाषांमध्ये आणखी एक सापळा आहे. ज्या दिवशी एकही वाचन नाही तो दिवस एपीआयच्या (प्रोग्रामने थेट आकडे मागवायच्या सोयीच्या) उत्तरात येतच नाही. ते दिवस शून्य म्हणून स्वतः भरले नाहीत तर मध्यक फुगतो.

गोलपोस्ट

तिसरा पंच, प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. त्यात एक भर: क्लिकस्ट्रीम, म्हणजे वाचक कुठून कुठल्या लेखावर आले त्याची नोंद. विकिमीडिया दर महिन्याला ही फाइल काढतं, निवडक भाषांसाठी. इंग्रजी आणि स्पॅनिश त्यात आहेत, मराठी नाही. प्रत्येक ओळीत कुठून आले, कुठे गेले, कुठल्या प्रकारे आणि किती वेळा, एवढंच असतं. दहा किंवा त्यापेक्षा कमी वेळा घडलेल्या जोड्या गाळलेल्या असतात.

स्कालोनीच्या लेखावर येणाऱ्या ओळी वेगळ्या काढा. बाहेरच्या सर्च इंजिनवरून आलेले वाचक एका ढिगात असतात, त्यांच्याबद्दल काही कळत नाही. पण विकिपीडियाच्या आतून आलेले कुठून आले ते लेखाच्या नावासकट दिसतं. अर्जेंटिना संघ, २०२२ चा अंतिम सामना, २०२४ ची कोपा अमेरिका इथून आलेले प्रशिक्षकाच्या खात्यात. त्याचा जुना क्लब देपोर्तिव्हो ला कोरुन्या किंवा २००६ च्या एफए कप फायनलच्या लेखावरून आलेले खेळाडूच्या खात्यात, तेव्हा तो वेस्ट हॅमकडून खेळला होता. मेस्सीच्या लेखावरून आलेले कुठे टाकायचे हे आधीच ठरवून ठेवा, आकडे बघून ठरवू नका. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात थेट उत्तर या फाइलमधून निघेल.

ट्रेंड्सवरही अशी एक युक्ती आहे. 'वेब सर्च'च्या जागी एकदा 'यूट्यूब सर्च' आणि एकदा 'न्यूज सर्च' निवडा. दोन्ही २००८ पासून आहेत. यूट्यूबवर लोक जुने गोल शोधतात, झिदानचा २००२ च्या ग्लासगोच्या अंतिम सामन्यातला व्हॉली वगैरे. न्यूजमध्ये प्रशिक्षक असतो. दोन्ही आलेखांची उंची एकमेकांशी जोडता येत नाही, प्रत्येकाचा १०० वेगळा आहे. पण टोकं कुठल्या तारखांना येतात ते ताडून बघता येतं.

रेषेवरचा

फॉलोअर लेखातून काढूनच टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. तो साठत जाणारा आकडा आहे. दहा वर्षांपूर्वी फॉलो करून विसरलेला माणूसही त्यात मोजला जातो. खरेदी केलेली खाती वेगळीच. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने बनावट खाती झाडून काढली तेव्हा प्रसिद्ध लोकांचे आकडे एका रात्रीत कोसळले होते. शिवाय काही प्रशिक्षकांचं अधिकृत खातंच नसतं, काहींचं एजन्सी चालवते. अशा दोघांची तुलना म्हणजे त्यांच्या प्रसिद्धी-व्यवस्थेची तुलना.

टिक बघून खातं खरं समजू नका. एक्सने (पूर्वीचं ट्विटर) जुने निळे टिक एप्रिल २०२३ मध्ये काढले, तिथे आता टिक पैसे भरून मिळतो. मेटानेही २०२३ पासून सशुल्क टिक सुरू केला. क्लबच्या किंवा महासंघाच्या अधिकृत खात्याने कोणाला टॅग केलंय ते बघणं जास्त खात्रीचं.

जुन्या लेखांमध्ये सांगितलेल्या बऱ्याच वाटा आता बंद आहेत. क्राउडटँगल हे पोस्टचे आकडे देणारं मेटाचं साधन १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. एक्सचा मोफत संशोधन-प्रवेश २०२३ मध्येच गेला. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचं व्ह्यू मोजणं बदललं. आता शॉर्ट चालू झाला किंवा पुन्हा फिरला की एक व्ह्यू. त्यामुळे त्याआधीचा आणि नंतरचा शॉर्ट शेजारी ठेवून 'लोकप्रियता वाढली' असं लिहिता येणार नाही. सोशल मीडिया घ्यायचाच असेल तर एकाच क्लबच्या एकाच खात्यावरच्या पोस्ट घ्या, त्याच हंगामातल्या, आणि प्रशिक्षकाचा फोटो असलेल्या पोस्टवरच्या प्रतिक्रियांचा मध्यक बाकीच्या पोस्टच्या मध्यकाशी ताडा. प्रेक्षक तोच राहतो, म्हणून काहीतरी अर्थ निघतो.

मधली_फळी

सगळ्यांचे मनापासून आभार. आडनावं काढून टॉपिक घेतले आणि काळ २०१८ पासून केला, रेष उठली. फॉलोअर काढून टाकतो.

दोन शंका उरल्या आहेत. पँथिऑन नावाच्या संकेतस्थळावर व्यक्तींना 'ऐतिहासिक लोकप्रियता निर्देशांक' दिलेला असतो, तो तयार आकडा वापरला तर चालेल का? आणि विकिपीडियात स्कालोनीची २०२४ च्या कोपा अमेरिकेची उसळी सामन्याच्या तारखेला दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसते. लोक उशिरा शोधतात का?

तिसरा_पंच

पँथिऑनचा आकडा तुमच्या कामाचा नाही, कारण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो: शतकानुशतकं कोण आठवणीत राहिलं. एमआयटीतल्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या आवृत्तीत २५ हून अधिक भाषांत लेख असलेल्या ११,३४१ व्यक्ती होत्या. त्यातल्या सूत्रात भाषांची संख्या, वाचनं किती भाषांत खरोखर पसरली आहेत त्याचं माप, जन्मापासूनची वर्षं आणि इंग्रजी सोडून इतर भाषांतली वाचनं यांचे लॉगॅरिदम मिळवलेले आहेत, आणि वाचनांच्या चढउताराचा लॉगॅरिदम वजा केला आहे. जन्माला ७० वर्षं झाली नसतील तर वर दंड: ७० मधून वय वजा करून ७ ने भागायचं.

२०२५ साल धरून हिशोब करा. झिदानचा जन्म १९७२ चा, दंड २.४३. अलोन्सोचा १९८१ चा, दंड ३.७१. फरक १.२८ चा दिसतो, पण वाचनांचा लॉगॅरिदम नैसर्गिक, म्हणजे ई (सुमारे २.७१८) या पायाचा आहे. नुसता हा दंड भरून काढायला अलोन्सोला झिदानच्या ३.६ पट वाचनं लागतील. स्कालोनीला चढउताराचाही फटका, कारण त्याची वाचनं स्पर्धेच्या महिन्यांत एकवटतात. हजारो वर्षांच्या पट्ट्यावर हे योग्यच आहे, हयात प्रशिक्षकांमध्ये नाही.

त्यातलं भाषांच्या पसाऱ्याचं माप मात्र उचला. लँगव्ह्यूज या साधनातून प्रत्येक भाषेतली वाचनं मिळतात. प्रत्येक भाषेचा वाटा काढून त्यांची एन्ट्रॉपी काढा (प्रत्येक वाट्याला त्याच्याच नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणून बेरीज करा आणि चिन्ह उलटा) आणि ई चा तेवढा घात घ्या. चार भाषांत २५-२५ टक्के असतील तर उत्तर ४. एका भाषेत ८५ आणि उरलेल्या तिघींत ५-५ टक्के असतील तर १.८. नुसती भाषांची संख्या घेऊ नका. इजिप्शियन अरबी, सेबुआनो अशा काही विकिपीडियांवर बॉटने बनवलेले लेख प्रचंड आहेत. तिथे लेख असणं म्हणजे वाचक असणं नव्हे.

ऑफसाइड

दुसऱ्या शंकेचं उत्तर: लोक तेव्हाच शोधतात, तारीख यूटीसीने (जागतिक प्रमाणवेळेने) मोजली जाते. २०२४ चा अंतिम सामना मायामीत १४ जुलैच्या रात्री आठला ठरला होता, म्हणजे यूटीसीने १५ तारखेचे ००:००. प्रवेशद्वारांवरच्या गोंधळामुळे तो एक तास वीस मिनिटांहून जास्त उशिरा सुरू झाला आणि जादा वेळेतही गेला. अख्खा सामना १५ जुलैच्या खात्यात पडला. २०२१ ची माराकानावरची कोपाची फायनलही तशीच, तिथली १० जुलैची रात्र म्हणजे यूटीसीची ११ तारीख. उलट कतारचा अंतिम सामना १५:०० यूटीसीला सुरू झाला, म्हणून ती उसळी १८ डिसेंबरलाच दिसते.

म्हणून प्रत्येक सामन्यासाठी सुरुवातीची वेळ आधी यूटीसीत लिहून घ्या. उसळी मोजताना सुरुवातीच्या शिट्टीच्या यूटीसी तारखेपासून दोन पूर्ण दिवस धरा. युरोपातला रात्री नऊचा सामना उन्हाळी वेळेत १९:०० यूटीसीला सुरू होतो. पेनल्टीपर्यंत गेला तर निकाल लागेपर्यंत २१:३० उलटून जातात आणि बरंचसं वाचन पुढच्या तारखेला जातं. एकच दिवस धरलात तर पेनल्टीवर जिंकणारा प्रशिक्षक नव्वद मिनिटांत जिंकणाऱ्यापेक्षा कमी लोकप्रिय ठरेल.